कॅम्परचा डबा देता, तर त्याची पकडही द्या : नागपूरच्या फॅब्रिकेटर बंधूंना खुले पत्र

प्रति,
नागपूर शहर, हिंगणा, वाडी आणि कामठी रोड परिसरातील फॅब्रिकेटर, बॉडी बिल्डर आणि वेल्डिंग वर्कशॉपवाले बंधू,

सप्रेम नमस्कार.

पिकअपच्या हौद्यात बसणारा आणि काम झाले की चार पायांवर उभा करून उतरवून ठेवता येणारा कॅम्परचा डबा आता आपल्याकडेही बनू लागला आहे. आत दोघांना झोपण्याची जागा, छोटा ओटा, पाण्याची टाकी, छतावर सोलर पॅनल. सुटी लागली की ताडोबा, पेंच, नागझिरा नाहीतर चिखलदरा, आणि सुटी संपली की डबा अंगणात आणि गाडी पुन्हा कामावर. राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हान पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हापासून या कामाची विचारपूस वाढली आहे. लाखो रुपयांची कॅरव्हान न घेता घरच्या पिकअपवर भागते, म्हणून लोकांना ही कल्पना पटते. मलाही ती मनापासून आवडते.

तुमच्या हातच्या कामाबद्दल मला तक्रार नाही. चौकट गुण्यात असते, दार नीट लागते, आतले प्लायचे काम पाहून समाधान वाटते. मी हिंगणा एमआयडीसीत जिग आणि फिक्श्चरच्या, म्हणजे यंत्रावर काम जागेवर घट्ट धरणाऱ्या साधनांच्या, कामात आयुष्य काढले आहे, त्यामुळे चांगले काम पाहिले की ते मला कळते. पण डबा गाडीवर चढवून झाल्यावर जे होते, त्यासाठी हे पत्र लिहितो आहे. बहुतेक ठिकाणी गिऱ्हाईक विचारतो, ‘भाऊ, हा बांधायचा कसा?’ आणि उत्तर मिळते, ‘चारी बाजूंनी नायलॉनची दोरी मारा, नाहीतर रॅचेटचे (खटक्याच्या दांडीने आवळायचे) पट्टे घ्या, हलत नाही तो.’ डब्याचे बिल होते, फोटो निघतो, गाडी रस्त्याला लागते. गाडीला आणि डब्याला जोडणारी वस्तू कोणी बनवलेलीच नसते.

माझी मागणी एकच आहे. डबा आणि त्याची गाडीवरची पकड हे एकच काम समजा, एकाच बिलात धरा, आणि पकड बसवल्याशिवाय डबा वर्कशॉपच्या बाहेर जाऊ देऊ नका.

मिलिंगच्या यंत्राच्या टेबलावर जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, पकडताना आपण काय करतो ते आठवा. जॉब जड आहे म्हणून तो जागेवर राहील, असा विचार कोणी करत नाही. तो पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे, वर आणि गोल, कुठेच जाऊ नये म्हणून आधी स्टॉपर लावतो आणि मग क्लॅम्प मारतो. पिकअपवरच्या डब्यालाही हेच लागू आहे. आपले टेबल जागेवर उभे असते, हे टेबल उमरेड रोडच्या खड्ड्यांतून धावते, एवढाच काय तो फरक.

आता थोडे आकडे, कारण ‘जड आहे, हलणार नाही’ हे वाक्य मी फार वेळा ऐकले आहे. युरोपचे माल बांधणीचे मानक, ईएन १२१९५-१, आणि अमेरिकेचे मालवाहतुकीचे नियम यांचे यावर एकमत आहे : जोरात ब्रेक लागला की मालाला पुढच्या दिशेने त्याच्या वजनाच्या ०.८ पट जोर बसतो असे धरायचे, आणि बाजूला व मागे ०.५ पट. अमेरिकेच्या नियमांत वरच्या दिशेसाठीही वजनाच्या २० टक्के धरलेले आहेत. सामानासकट डबा ६०० किलोंचा असेल, तर पुढे ४८० किलो, वळणावर बाजूला ३०० किलो आणि गतिरोधकावर उसळताना वर १२० किलो. रंगवलेल्या पत्र्यावर प्लायचा तळ असेल आणि मध्ये धूळ असेल, तर नुसत्या घर्षणाने यातले दीडशे-पावणेदोनशे किलो थांबले तरी नशीब. उरलेला सगळा जोर तुमच्या दोरीवर येतो. शिवाय खड्ड्यात गाडी आपटून वर येते त्या क्षणी डब्याचे वजन तळावर राहतच नाही, म्हणजे घर्षणही गेले. नेमके तेव्हाच गाडी वळणात असली, तर काय होईल ते तुम्हाला सांगायला नको.

दोरीबद्दल थोडे. नायलॉन ताणले की लांबते, भिजले की आणखी लांबते. सकाळी तारेसारखी वाजणारी दोरी पावसात दोन तास चालल्यावर सैल पडलेली असते. पॉलिस्टरचे रॅचेट पट्टे त्यापेक्षा बरेच चांगले, पण तेसुद्धा पूर्ण भारावर सात टक्क्यांपर्यंत लांबू शकतात, अँगलच्या कडेवर कापले जातात आणि उन्हात कमजोर होतात. आपल्या नागपूरचे मे महिन्यातले ऊन ४५ अंशांच्या वर जाते. अशा उन्हात वर्षभर छतावर पडलेला पट्टा पुढच्या वर्षी वापरायचा नसतो. बाजारात कितीतरी पट्टे असे मिळतात की त्यांवर किती किलोंचा आहे हे लिहिलेलेच नसते. ज्याच्यावर क्षमता छापलेली नाही, तो पट्टा गाद्या बांधायला ठेवा. पट्टा हा जादाचा आधार म्हणून चालेल. ज्या डब्यात माणसे झोपतात, त्या डब्याची मुख्य पकड पट्ट्यांवर नको.

मुख्य पकड टर्नबकलची, म्हणजे मधले अंग पिळले की दोन्ही टोके जवळ ओढणाऱ्या आवळणीची. चार कोपऱ्यांना चार. आणि ते टर्नबकल खाली कशाला अडकवायचे, या प्रश्नावर सगळे अवलंबून आहे.

काही काळापूर्वी उमरेड रोडवर चहाच्या टपरीसमोर असाच एक कॅम्पर उभा होता. मी वाकून त्याचा मागचा कोपरा पाहिला. हौद्याच्या पत्र्याला भोक पाडून आय-बोल्ट, म्हणजे डोक्याला कडी असलेला बोल्ट, बसवलेला होता आणि खालून रुपयाच्या नाण्याएवढा साधा वायसर. वायसरच्या भोवतीचा पत्रा वर ओढला जाऊन फुगला होता. रंगाला गोलाकार चिरा गेल्या होत्या, चिरांतून गंज ओघळला होता, आणि आय-बोल्टच्या मागच्या अंगाला पत्रा अर्धा बोट फाटला होता. गाडीच्या मालकाने टर्नबकलवर थाप मारून मला सांगितले, ‘पहा काका, किती टाइट आहे.’ टर्नबकल खरेच टाइट होते. दर मुक्कामाला ते पिळले जात होते आणि दर वेळी पत्रा थोडा अजून वर येत होता. गाडी ताडोबाहून परतत होती आणि मागच्या सीटवर दोन लहान मुले झोपली होती.

हौद्याचा पत्रा एक मिलिमीटरच्या आसपासचा असतो. पोती, क्रेट, सिमेंट अंगावर घ्यायला तो बनवलेला आहे. एका भोकावर उपटून काढणारी ओढ सोसायला नाही. बोलेरो पिकअपसारख्या गाड्यांना बाजूने जे दोरीचे हुक असतात, ते ताडपत्री ताणायला ठीक आहेत. फाळक्याची बिजागरी आणि फाळक्याचा खटका तर विचारातही घेऊ नका. व्ही-क्रॉस, हायलक्ससारख्या गाड्यांच्या हौद्याच्या आतल्या कड्यांनाही हेच लागू : सामान बांधायला त्या उत्तम, डब्याला नाहीत.

ओढ चेसिसपर्यंत गेली पाहिजे. हौद्याच्या खाली, चेसिसच्या दोन्ही अंगांना, पुढे दोन आणि मागे दोन असे ब्रॅकेट बनवा, जे बाजूने एवढे बाहेर येतील की डब्याच्या कडीपासून टर्नबकल सरळ तिथे पोहोचेल. परदेशात कॅम्परसाठी असे चेसिसचे ब्रॅकेट तयार मिळतात. आपल्याकडे ते तुम्हीच बनवू शकता, आणि तुमच्यासाठी हे अर्ध्या दिवसाचे काम आहे. फक्त तीन गोष्टी हात जोडून सांगतो. चेसिसला वेल्डिंगचा टाका मारू नका. त्या उष्णतेने तिथला लोखंडाचा ताव बदलतो आणि पुढे तडा तिथूनच जातो. चेसिसच्या वरच्या आणि खालच्या पट्टीला, म्हणजे फ्लँजला, भोक पाडू नका. कंपनीने उभ्या अंगाला आधीच दिलेली भोके वापरा, नाहीतर दोन प्लेटांमध्ये चेसिस धरून बोल्टने आवळा. आणि आवळण्याआधी आतल्या बाजूला हात घालून ब्रेकची नळी, डिझेलची नळी आणि वायरिंग चाचपून बघा. प्लेटखाली दबलेली ब्रेकची नळी लगेच काही बोलत नाही.

काही गाड्यांत मागची जागा अशी असते की हौद्याच्या तळातून पकड घेतल्याशिवाय इलाज नसतो. तेव्हा पत्र्याच्या खाली किमान १०० बाय १०० मिलिमीटरची, सहा मिलिमीटर जाडीची प्लेट द्या आणि तीही अशा जागी की ती हौद्याच्या आडव्या मेंबरवर टेकेल. पण ही दुसऱ्या पसंतीची पद्धत आहे, हे गिऱ्हाइकाला सांगून करा.

बोल्टवर पैसे वाचवू नका. गांधीबाग, इतवारीत साधे आणि जास्त ताकदीचे असे दोन्ही प्रकारचे बोल्ट मिळतात, आणि डोक्यावर ८.८ हा ताकदीचा आकडा कोरलेला बोल्ट मागितला तर दुकानदार तो देतोच. १२ मिलिमीटरचा ८.८ चा बोल्ट कायमचा न लांबता जवळजवळ पाच टनांची सरळ ओढ घेतो, तर ४.६ चा दोन टनांच्या आतच संपतो. किमतीतला फरक काही रुपयांचा असतो. डोक्यावर काहीच कोरलेले नसेल, तर तो ४.६ चाही आहे की नाही हे कोणी सांगू शकत नाही. नट नायलॉकचे, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले, कंपनाने सैल न होणारे घ्या. आय-बोल्टच्या बाबतीत आणखी एक खबरदारी आहे, जी आपल्याकडे फार कमी लोक पाळतात. आय-बोल्टची लिहिलेली ताकद सरळ ओढीची असते. ४५ अंशांत ओढला की खांदा (कडीखाली टेकणारी रुंद कड) असलेल्या आय-बोल्टची ताकद तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली येते, आणि खांदा नसलेला आय-बोल्ट तिरका ओढायचाच नसतो. टर्नबकल तर तिरकेच लागणार. म्हणून आय-बोल्टऐवजी जाड पट्टीचे कान कापा, ओढीच्या दिशेत बसवा आणि त्यात डी-शॅकल (पिनेने बंद होणारी डी आकाराची कडी) घाला.

टर्नबकल तिरके का, हेही सांगतो, कारण बहुतेक डब्यांना ते उभे लावलेले मी पाहिले आहेत. उभे टर्नबकल डब्याला खाली दाबते, पण पुढे-मागे सरकण्याला ते थेट अडवत नाही. डबा सरकून ते तिरके झाले की मग ते काम करू लागते, तोवर डब्याने वेग घेतलेला असतो. पुढचे दोन डब्याच्या कडीपासून खाली आणि पुढे जाऊ द्या, मागचे दोन खाली आणि मागे. मागचे दोन ब्रेकच्या वेळी डब्याला पुढे जाऊ देत नाहीत, पुढचे दोन चढावर आणि झटक्याने सुटताना त्याला मागे जाऊ देत नाहीत. प्रत्येक कोपरा एकट्याने डब्याचे पूर्ण भरलेले वजन ओढू शकेल एवढा मजबूत धरा. माझ्या हिशेबाने त्यापेक्षा कमी धरण्यात अर्थ नाही. डब्याच्या बाजूची कडीही विसरू नका. ती प्लायला चार स्क्रूंवर लावलेली असेल, तर खाली केलेली सगळी मेहनत वाया गेली. कडीचा जोर डब्याच्या लोखंडी चौकटीत उतरला पाहिजे.

टर्नबकलचे हुक उघडे असतील तर ते सुटतात. खड्ड्यात डबा क्षणभर खाली दबतो, टर्नबकल सैल होते आणि उघडा हुक कडीतून सहज बाहेर पडतो. बंद जबड्याचे, पिनवाले टर्नबकल घ्या, पिनेला स्प्लिट पिन घाला. मधले पिळायचे अंग कंपनाने उलटे फिरते. दोन्ही टोकांना चेक नट (अंग फिरू नये म्हणून त्याला टेकवून आवळायचा जादा नट) लावा किंवा तार ओवून बांधा. जमले तर स्प्रिंग असलेले टर्नबकल बनवा, कारण त्यामागे मोठे कारण आहे : पिकअपची चेसिस पिळते. एक चाक खड्ड्यात आणि समोरच्या कोपऱ्यातले चाक उंचवट्यावर गेले की चेसिस आणि हौदा वाकतात, आणि ते तसेच असायला हवे. तुमचा डबा मात्र ताठ चौकटीचा असतो. दोघांना कडक जखडले तर तडा कुठेतरी जाणारच, बहुधा डब्याच्या खालच्या कोपऱ्यातल्या टाक्याला. स्प्रिंग तेवढी हालचाल झेलते आणि ताण सुटू देत नाही. म्हणूनच डबा हौद्याला थेट बोल्ट मारून किंवा वेल्ड करून बसवणे हा उपाय नव्हे. ड्रायव्हरच्या केबिनवर येणारा पुढचा भाग असेल, तर केबिनचे छप्पर आणि डबा यांच्यात मोकळी फट ठेवा. पिळताना डबा छपराला घासता कामा नये. आणि टर्नबकल आवळताना लांब पाइप घालून झोंबू नका. हाताने घट्ट करा, मग स्प्रिंग थोडी दबेपर्यंत फिरवा, बस. जास्त पिळल्याने डब्याच्या कड्या उखडतात.

डब्याखाली रबरची जाड चटई हवीच. धुळीच्या पत्र्यावरच्या प्लायपेक्षा रबरावरचे घर्षण दुप्पट-तिप्पट असते, आणि तळाचे ठोकेही ते सोसते. चटईच्या पुढे स्टॉपर : डबा आणि हौद्याची पुढची भिंत यांच्यात पोकळी असेल, तर तिथे लाकडी ठोकळा किंवा चॅनल घट्ट बसवा, म्हणजे डब्याला पुढे पळायला जागाच राहणार नाही. दोन्ही बाजूंना, चाकाच्या कमानींजवळ, असेच ठोकळे. हे चार-पाच ठोकळे तुमच्या भंगारातून निघतात. टर्नबकल धरून ठेवते, ठोकळा अडवतो, दोन्ही लागतात.

आता वजनाचे. गिऱ्हाईक सांगतो, ‘डबा तीनशे किलोंचाच हवा,’ आणि नंतर त्यात शंभर लिटरची टाकी बसवतो. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, आणि अर्धी टाकी असली की ते पाणी वळणावर एका बाजूला धाव घेते. घरगुती गॅसचा भरलेला सिलिंडर तीस किलोंच्या घरात. बॅटरी, फ्रिज, भांडी, गाद्या, कपडे वेगळेच. बोलेरो पिकअप १.३, १.५, १.७ टनांच्या भारक्षमतेत मिळते, तिथे हे सगळे सहज बसते. पण डबल केबिनच्या हौशी पिकअपची भारक्षमता त्यापेक्षा बरीच कमी असते आणि त्यातच केबिनमधली माणसेही मोजायची असतात. म्हणून डबा पूर्ण भरून, टाकीत पाणी घालून, गाडी धर्मकाट्यावर नेऊन उभी करा. कळमन्यात आणि वाडीत काट्यांना तोटा नाही. एकदा पूर्ण गाडी, एकदा फक्त पुढची चाके काट्यावर. डब्याच्या वजनाचा मध्य मागच्या अ‍ॅक्सलच्या वर किंवा किंचित पुढे यायला हवा. तो मागे गेला तर पुढची चाके हलकी होतात, स्टीअरिंग पाण्यात फिरवल्यासारखे लागते आणि मागच्या टर्नबकलवर कायमची ओढ बसते. हे काटा पाच मिनिटांत दाखवून देतो आणि चुकले असेल तर टाकीची जागा बदलणे वर्कशॉपमध्येच सोपे असते.

कायद्याचे दोन शब्द, कारण तुमच्यापैकी काही जण ‘उतरवता येतो ना, मग काही होत नाही’ असे गिऱ्हाइकाला सांगतात. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत असे बदल करू देत नाही, ज्यामुळे नोंदणीतली माहिती कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे ठामपणे सांगितले. डबा वेल्ड करून गाडीचाच भाग करून टाकणे म्हणजे हे कलम स्वतःवर ओढवून घेणे. दुसरे, कलम १९४ (१अ) : ओझे बाजूला, पुढे, मागे किंवा उंचीला परवानगीच्या बाहेर गेले तर वीस हजार रुपये दंड, आणि ओझे उतरवण्याचा खर्चही गाडीवाल्याकडूनच. तेव्हा डब्याची रुंदी, उंची आणि मागचे बाहेर येणारे अंग आधी नियमात बसवा, ब्रॅकेटचे रेखाचित्र गिऱ्हाइकाच्या हाती द्या आणि आरटीओत लेखी विचारून घ्यायला सांगा. मागचे दिवे आणि नंबर प्लेट डब्याखाली झाकली जाणार नाही हेही बघा, रिफ्लेक्टरची पट्टी लावा.

आणि चालत्या गाडीत डब्याच्या आत माणूस नको. लहान मूल झोपले आहे, राहू द्या, असे म्हणणारे आईबाप मी पाहिले आहेत. त्या डब्यात ना सीट आहे ना बेल्ट. दारावर आतून-बाहेरून दिसेल असा फलक रंगवून द्या.

डबा चढवण्या-उतरवण्याची पद्धत गिऱ्हाइकाला शिकवणे हेही तुमचेच काम आहे, आणि मला वाटते सगळ्यात जास्त घोटाळे इथेच होतात. चारही जॅक एकदम उचलता येत नाहीत, म्हणून थोडे पुढचे, थोडे मागचे असे फेर धरून, डबा सपाट ठेवत, पुढचे अंग किंचित वर ठेवून उचलायचा. पण त्याआधी चारही टर्नबकल सोडलेले असले पाहिजेत आणि दिव्यांची वायर काढलेली असली पाहिजे. तीन सोडली, चौथे राहिले आणि जॅक फिरवत राहिले, की कडी निघते किंवा पाय वाकतो. त्यापेक्षा वाईट म्हणजे एक टर्नबकल अडकलेले असताना गाडी पुढे घेणे. पायांवर उभा असलेला डबा तेव्हा सरळ आडवा होतो. चारही टर्नबकलला लाल रंग द्या. सुटलेले टर्नबकल कुठे ठेवायचे त्याची एक पेटी डब्यात करा. पेटीत चार लाल तुकडे दिसले की मगच जॅकला हात. आपली काळी माती पावसाळ्यात जॅकचा पाय गिळते, तेव्हा प्रत्येक पायाखाली घालायला चार जाड फळ्या डब्यासोबतच द्या. अंगणात डबा ठेवायचा तर जॅक पूर्ण खाली घेऊन, जवळजवळ जमिनीला टेकवून ठेवायला सांगा. मे महिन्यातल्या संध्याकाळच्या वादळात उंच पायांवरचा रिकामा डबा उभा राहत नाही.

डबा ताब्यात देताना गिऱ्हाइकाला सोबत घेऊन एक फेरी मारा, ही माझी खास विनंती. शहरातल्या सिमेंट रस्त्यावरून निघा, गतिरोधक घ्या, पारडीकडे किंवा हिंगण्याकडे जरा खराब रस्त्याला जा, मोकळ्या जागी एकदा जोरात ब्रेक मारा, आणि दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून चारही कोपरे पुन्हा आवळा. पहिल्या फेरीत रबर बसते, ठोकळे बसतात, बोल्ट बसतात. टर्नबकल थोडी सैल झालेली सापडणारच. डबा आणि हौद्याच्या कडेवर खडूने एक रेघ मारून ठेवा. परत आल्यावर रेघ जुळत नसेल तर काम अजून झालेले नाही. हे गिऱ्हाइकाने डोळ्यांनी पाहिले की पुढे प्रत्येक चहाच्या थांब्याला तो स्वतः कोपरे चाचपतो. कागदावर शंभर सूचना छापून ते होत नाही.

समृद्धी महामार्ग सुरू झाल्यापासून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही. शिवमडक्याहून, म्हणजे महामार्गाच्या नागपूरकडच्या टोकाहून, निघालेली गाडी तासन्‌तास एकाच वेगात पळते. मालवाहू गाड्यांना तिथे ताशी ८० ची मर्यादा आहे आणि कॅम्पर घेऊन जाणाऱ्याने ती स्वतःहून पाळावी, गाडीची नोंदणी कोणतीही असो. शेजारून शंभराने ट्रॅव्हल्सची बस जाते तेव्हा उंच डब्याच्या अंगावर वाऱ्याचा जो धक्का बसतो, तो स्टीअरिंगवर कळतो. अशा रस्त्यावर डबा सुटला तर तो आपल्या गिऱ्हाइकावर पडणार नाही, तो मागून येणाऱ्या अनोळखी कुटुंबावर पडेल. त्यांचा या सगळ्या हौसेशी काही संबंध नसतो.

तुमची अडचणही मला माहीत आहे. गिऱ्हाईक डब्याच्या टाइल्सवर आणि एलईडीवर पैसे घालतो, पण चार ब्रॅकेटचे वेगळे पैसे सांगितले की घासाघीस करतो, नाहीतर शेजारच्या वर्कशॉपमध्ये जातो. म्हणून हे पत्र एकाला न लिहिता तुम्हा सगळ्यांना लिहिले. पकडीशिवाय डबा कोणीच दिला नाही, तर कोणालाच गिऱ्हाईक गमवावे लागणार नाही. कोटेशनमध्ये ती वेगळी ओळ लिहूच नका. डब्याच्या किमतीतच धरा.

जे डबे आधीच दिले आहेत, त्यांच्या मालकांचे नंबर तुमच्याकडे असतीलच. ताडोबाचा गाभा (कोअर भाग) १ ऑक्टोबरला उघडतो, त्यानंतर दिवाळी, आणि मग हे सगळे डबे एकदम रस्त्यावर येतील. सध्या पावसामुळे वर्कशॉपला थोडी उसंत आहे. या दिवसांत त्यांना फोन करा, गाडी बोलवा, हौद्याखाली बॅटरी मारून पत्रा बघा. आय-बोल्टभोवती पत्रा फुगलेला दिसला तर तो डबा ब्रॅकेट बसेपर्यंत उतरवून ठेवायला सांगा. रेखाचित्रासाठी किंवा बोल्टच्या हिशेबासाठी माझा हात लागत असेल तर मी कोणत्याही वर्कशॉपमध्ये यायला तयार आहे, पैशाचा प्रश्न नाही.

आपला नम्र,
हिंगणा एमआयडीसीतला एक निवृत्त टूलरूमवाला
नागपूर